ताण मनावरचा, खुणा मेंदूतल्या

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या वर्गात एक विद्यार्थी होता. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्याचा हात फार चांगला चाले. स्प्रिंगला वजने टांगायची, आंदोलनांचा काल मोजायचा, आलेख काढायचा आणि त्यावरून स्प्रिंगचा स्थिरांक काढायचा, हा प्रयोग त्याने इतरांच्या निम्म्या वेळात पुरा केला होता. शिवाय शेजारच्या टेबलावरच्या मुलांना तो समजावूनही दिला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र हा मुलगा अगदी बदलून गेला. प्रात्यक्षिकाला आला तरी खिडकीपाशी नुसता उभा राही. जर्नल अर्धवट राहिले. जेवणाचा डबा न उघडता तसाच परत जाई. पहाटे तीनला जाग येते आणि मग काही केल्या झोप लागत नाही, असे त्याने एका मित्राला सांगितले होते. आम्हा शिक्षकांत त्याच्याविषयी बोलणे निघाले आणि "आळशी झालाय" असा निकालही लागला.

मी त्याला एक दिवस बोलावून घेतले आणि कोणीही वडीलधारा देईल तोच सल्ला दिला, "अरे, परीक्षा तीन महिन्यांवर आली. जरा मन घट्ट कर!"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, घट्ट करायचं ते कशानं?"

यात उद्धटपणा नव्हता. गणितातली पायरी अडली म्हणजे विचारावे, तसे त्याने विचारले होते. मला उत्तर देता आले नाही. पुढे पंधरा दिवसांनी त्याच्या आईने त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. त्याला नैराश्याचा आजार झाला आहे, असे निदान झाले.

मी काही वैद्यक शिकलेलो नाही. पण त्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही आणि मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता असे आढळले, की या शास्त्राची सुरुवात माझ्याच विषयातून उसन्या घेतलेल्या एका शब्दाने झाली आहे.

उसना घेतलेला शब्द

तारेला वजन टांगले की तार ताणली जाते. तारेच्या एकक क्षेत्रफळावर निर्माण होणाऱ्या बलाला आपण प्रतिबल म्हणतो, इंग्रजीत 'स्ट्रेस'. तारेच्या लांबीत पडलेल्या फरकाचे मूळ लांबीशी जे गुणोत्तर, ती विकृती, इंग्रजीत 'स्ट्रेन'. वजन काढले की तार मूळ लांबीवर येते. मात्र स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली, की वजन काढल्यावरही ती पूर्ववत होत नाही.

कॅनडातील माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये नावाचे तरुण संशोधक १९३० च्या दशकात उंदरांवर प्रयोग करीत होते. निरनिराळ्या ग्रंथींचे अर्क टोचून काय होते, ते त्यांना पाहायचे होते. पण अर्क कोणताही असो, परिणाम एकच दिसू लागला. उंदरांच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झाल्या, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसली आणि जठरात व्रण पडले. दुसरा कोणी असता, तर प्रयोग फसला म्हणून त्याने तो सोडून दिला असता. सेल्ये यांनी उंदरांना कडक थंडीत ठेवून पाहिले, अतिश्रम करायला लावून पाहिले, फॉर्मलिनसारखी द्रव्ये टोचून पाहिली. परिणाम पुन्हा तोच! संकट कोणतेही असो, शरीराचे उत्तर ठरलेले असते, हा त्यांचा निष्कर्ष १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात एका छोट्या पत्राच्या रूपाने प्रसिद्ध झाला. या अवस्थेला त्यांनी पुढे 'स्ट्रेस' हा शब्द वापरला.

येथे पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून माझी एक तक्रार आहे. बाहेरच्या भारामुळे शरीरात जो बदल होतो, त्याला खरे तर 'स्ट्रेन' म्हणायला हवे होते. गंमत अशी, की सेल्ये यांनीही ही चूक पुढे कबूल केली. आपले इंग्रजी त्या वेळी पुरेसे चांगले असते, तर आपण दुसरा शब्द निवडला असता, असे ते म्हणत. मराठीत आपण भार आणि त्याचा परिणाम या दोहोंनाही 'ताण' म्हणून मोकळे होतो. पण हा लेख वाचताना तेवढा फरक ध्यानात ठेवावा. भार बाहेर असतो, परिणाम आत होतो. सारख्याच भाराने सर्वांत सारखाच परिणाम होतो असे नाही.

कुत्रा अंगावर धावून येतो तेव्हा

समजा, तुम्ही सायकलवरून क्लासला निघाला आहात आणि गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रा भुंकत अंगावर धावून आला. क्षणार्धात छाती धडधडू लागते, श्वास जलद होतो, तळहातांना घाम फुटतो आणि पाय नेहमीपेक्षा जोराने पॅडल मारू लागतात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात या तयारीचे वर्णन केले: लढा, नाही तर पळा! हे काम मुख्यतः ॲड्रिनॅलिनचे. अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून ते काही सेकंदांत रक्तात उतरते.

त्याच्या मागोमाग दुसरी, सावकाश चालणारी साखळी सुरू होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तो एक रासायनिक निरोप खालच्या पोष ग्रंथीकडे धाडतो. हा निरोप म्हणजे ४१ अमिनो आम्लांची एक माळ आहे, हे वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मेंढ्यांच्या मेंदूंवरून शोधून काढले. पोष ग्रंथी मग रक्तातून दुसरा निरोप अधिवृक्क ग्रंथीकडे पाठवते, आणि त्या ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवू लागते. वीस-तीस मिनिटांत रक्तातले त्याचे प्रमाण शिगेला पोहोचते. यकृतातील साखर रक्तात येते आणि स्नायूंना व मेंदूला इंधन मिळते. पचन, वाढ यांसारखी सवडीची कामे मागे पडतात.

म्हणजे कॉर्टिसॉल हा काही आपला शत्रू नव्हे. रोज सकाळी उठण्याच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. ते नसेल तर आपण जगूच शकणार नाही. प्रश्न आहे तो ते वेळेवर थांबण्याचा.

इस्त्रीतला थर्मोस्टॅट

घरातली विजेची इस्त्री आठवा. इस्त्री पुरेशी तापली, की आतली द्विधातू पट्टी वाकते, संपर्क तुटतो आणि प्रवाह बंद पडतो. इस्त्री निवली की पट्टी सरळ होते व प्रवाह पुन्हा सुरू होतो. उष्णता स्वतःच आपल्या निर्मितीला आळा घालते. यालाच 'फीडबॅक' म्हणतात. शरीरातही हीच युक्ती आहे. रक्तातले कॉर्टिसॉल परत मेंदूत पोहोचते आणि "आता पुरे" असे सांगते.

हे सांगणे मेंदूत कोठे ऐकले जाते? १९६८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्यूएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांतील याच जातीच्या संप्रेरकाला किरणोत्सर्गी खूण लावून ते टोचले आणि ते कोठे जाऊन बसते, हे तपासले. सर्वांत जास्त सापडले ते हिप्पोकॅम्पस या भागात! समुद्री घोड्यासारख्या आकारामुळे या भागाला हे नाव मिळाले. हा भाग आपल्याला स्मरणशक्तीसाठी हवा असतो. नव्या गोष्टी ध्यानात ठेवायच्या त्या याच्याच मदतीने. म्हणजे ताणाला आवर घालणारी पट्टी आणि अभ्यास लक्षात ठेवणारी यंत्रणा एकाच ठिकाणी आहे.

आता पुढची पायरी पाहा. त्याच वर्षी, १९६८ मध्ये, बर्नार्ड कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांवर एक साधी चाचणी केली. डेक्सामेथॅसोन हे कॉर्टिसॉलसारखेच एक कृत्रिम औषध आहे. निरोगी माणसाला ते रात्री दिले, तर मेंदूला वाटते की कॉर्टिसॉल भरपूर झाले, आणि दुसऱ्या दिवशी शरीराचे स्वतःचे उत्पादन खाली येते. तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांत मात्र ते खाली आले नाही. पट्टी तापली होती, पण संपर्क तुटत नव्हता. सर्वच रुग्णांत असे होत नाही, म्हणून केवळ या चाचणीवरून निदान करता येत नाही. पण "सारे मनाचे खेळ आहेत" असे म्हणणाऱ्यांना रक्तातला एक आकडा दाखविता आला, हे महत्त्वाचे.

फांद्या आखडतात, फांद्या वाढतात

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. प्रत्येकीला झाडासारख्या फांद्या असतात आणि या फांद्यांवर दुसऱ्या पेशींचे निरोप येऊन पोहोचतात. फांद्या कमी झाल्या, तर निरोपही कमी येणार.

१९९२ साली मॅक्यूएन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना रोज सहा तास हालचाल करता येणार नाही अशा रीतीने कोंडून ठेवण्यात आले. असे २१ दिवस केल्यावर हिप्पोकॅम्पसमधील काही पेशींच्या फांद्या आखूड आणि विरळ झालेल्या दिसल्या. दहा वर्षांनी, २००२ साली, बंगलोरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात अजय व्यास, सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चित्राची दुसरी बाजू दाखविली. रोज दोन तास, असे दहा दिवस ताण दिला असता हिप्पोकॅम्पसमधील फांद्या आखडल्या, पण अमिग्डला या भागातील फांद्या उलट वाढल्या! बदामाच्या आकाराचा हा अमिग्डला भीतीचा पहारेकरी आहे. म्हणजे लांबलेल्या ताणाने स्मरणाचा आणि आवर घालण्याचा भाग दुबळा होतो, आणि भय वाटायला लावणारा भाग बळावतो.

ताण थांबविल्यावर पुढे काय होते? हिप्पोकॅम्पसच्या फांद्या काही आठवड्यांत पुन्हा वाढतात. बंगलोरच्याच गटाला २००४ साली असे दिसले, की २१ दिवसांच्या विश्रांतीनंतरही अमिग्डलातील वाढ मात्र टिकून राहते. परीक्षा संपून महिना झाला तरी एखाद्याच्या छातीतली धडधड का जात नाही, याचा काही उलगडा यावरून व्हावा.

येथे तारेची उपमा सोडून द्यावी लागते. मर्यादेपलीकडे ताणलेली तार आपली आपण दुरुस्त होत नाही. मेंदू होतो, निदान पुष्कळ अंशी होतो. आणि उंदरांचे निष्कर्ष माणसाला लावताना जपून राहावे लागते, हेही खरे. एम.आर.आय. यंत्राने माणसांच्या मेंदूंची चित्रे घेतली, तेव्हा दीर्घकाळ नैराश्य भोगलेल्यांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने थोडा लहान आढळला. पण हा फरक इतका थोडा असतो, की एका व्यक्तीचे चित्र पाहून तिला आजार आहे की नाही, हे सांगता येत नाही.

सर्पगंधेपासून सिरोटोनिनपर्यंत

नैराश्यावरच्या औषधांच्या कथेत आपल्याकडच्या एका झुडपालाही स्थान आहे. ते म्हणजे सर्पगंधा. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर या झुडपाच्या मुळीचा उपयोग करून आपले अनुभव १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेला आढळले, की रेसर्पिनमुळे शरीरातील सिरोटोनिनचे साठे रिते होतात. सिरोटोनिन म्हणजे एका मज्जापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे एक द्रव्य. रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदीही येऊ लागल्या.

याच्या उलट प्रकार न्यूयॉर्कमधील एका क्षयरोग रुग्णालयात १९५२ साली घडला. आयप्रोनियाझिड हे क्षयावरचे नवे औषध घेणारे रुग्ण एकदम उल्हसित झाले, भरपूर जेवू लागले. हे औषध सिरोटोनिनसारखी द्रव्ये मोडून टाकणाऱ्या एन्झाइमला अडविते, असे कळले. मग शास्त्रज्ञांनी दोन आणि दोन चार केले: सिरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य, वाढविले की आजार बरा!

इतके सरळ उत्तर मिळाले, की विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थोडे सावध व्हावे. नंतर तपासून पाहता रेसर्पिनने नैराश्य येते, हा पुरावा तितकासा भक्कम ठरला नाही. सिरोटोनिन वाढविणारी औषधे काही तासांतच त्याचे प्रमाण बदलतात, पण रुग्णाला बरे वाटू लागायला दोन ते चार आठवडे लागतात. टाकीत पाणी कमी होते म्हणून नळ कोरडा पडला, एवढेच कारण असते, तर टाकी भरताच नळाला पाणी यायला हवे होते. मग मधल्या आठवड्यांत काय होते? आज असे समजले जाते, की या काळात मज्जापेशींच्या फांद्या आणि त्यांचे जोड हळूहळू नव्याने घडत असावेत. मुंबईत कुलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट याच प्रश्नांवर काम करतो. २०१९ साली या गटाने दाखविले, की उंदरांच्या मेंदूतील मज्जापेशींमध्ये सिरोटोनिनमुळे तंतुकणिकांची, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांची, संख्या वाढते आणि पेशी ताणाला अधिक चांगले तोंड देतात. निरोप्या समजलेले द्रव्य पेशीच्या वीजपुरवठ्यातही हात घालते, असा हा शोध आहे.

उदासी कोणती आणि आजार कोणता?

विद्यार्थी मित्रहो, हे वाचून एखाद्याला वाटेल, की चाचणी परीक्षेत गुण कमी पडले आणि दोन दिवस वाईट वाटले म्हणजे आपल्याला नैराश्य झाले. तसे नाही. दुःख होणे हे निरोगी मनाचेच लक्षण आहे. खेळात मन रमते, मित्राच्या विनोदाला हसू येते, चार दिवसांनी दुःख ओसरते; इस्त्रीची पट्टी काम करीत आहे.

डॉक्टर नैराश्याचे निदान करतात ते वेगळ्या खुणांवरून. मन उदास असणे किंवा आवडत्या गोष्टींतूनही आनंद न मिळणे, यांपैकी एक तरी खूण दिवसाचा बहुतेक वेळ, रोज, निदान दोन आठवडे असावी लागते. तिच्या जोडीला झोप आणि भूक बिघडणे, थकवा, लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, यांपैकी अनेक गोष्टी असतात. तुमच्या वयात उदासीऐवजी चिडचिडही दिसू शकते, हे शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे पाच टक्के लोकांना हा आजार असतो.

तो एकाला होतो आणि दुसऱ्याला का होत नाही? काही भाग आनुवंशिक असतो. पण 'नैराश्याचा' असा एकच जनुक नाही. पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. बालपणी भोगलेला छळ किंवा हेळसांड, जवळच्या माणसाचा मृत्यू, दीर्घ आजारपण, घरातली ओढाताण, यांचा भार त्यावर पडतो. दोन तारांवर सारखेच वजन टांगले, तरी कोणती किती ताणली जाईल, हे तारेची जाडी, तिचा धातू आणि तिच्यावर आधी काय गुजरले आहे, यांवर ठरते. ताणल्या गेलेल्या तारेला आपण आळशी म्हणत नाही.

उपचारांचे दोन मार्ग आहेत आणि ते बहुधा जोडीने चालतात. एक औषधांचा, आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. बरे वाटू लागताच गोळ्या मनानेच बंद करणे धोक्याचे. दुसरा मार्ग बोलण्याचा. १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या पद्धतीत, "माझ्याच्याने काहीच होणार नाही" यासारख्या विचारांची रुग्णाबरोबर बसून पुराव्यानिशी छाननी केली जाते. शिकणे म्हणजे तरी मेंदूतील जोड बदलणेच; तेव्हा बोलण्याने मेंदू बदलतो, यात जादू काही नाही. नियमित व्यायाम आणि वेळेवर झोप यांचीही मदत होते. पण तीव्र आजारात तेवढ्यावर भागत नाही.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. "घट्ट करायचं ते कशानं?" निश्चय करणे, लक्ष एकवटणे, उद्याची आशा धरणे ही सारी कामे मेंदूचीच आहेत, आणि त्याचा मेंदूच आजारी होता. पाय मोडलेल्याला "उठ, धाव, म्हणजे पाय बरा होईल" असे सांगावे, तसा माझा सल्ला होता. त्याच्या प्रश्नात माझ्या सल्ल्यापेक्षा अधिक विज्ञान होते.

त्याला औषधे सुरू झाली आणि आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे जाणेही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच फरक नव्हता, असे त्याची आई सांगे. मग एक दिवस त्याने आपणहून जेवायला मागितले. त्या वर्षी त्याने परीक्षा दिली नाही. पुढच्या वर्षी दिली आणि तो पास झाला. मध्यंतरी प्रयोगशाळेत येऊन त्याने राहिलेले जर्नल पुरे केले, तेव्हा मी त्याची क्षमा मागितली. तो नुसता हसला आणि स्प्रिंगला वजने अडकवू लागला.

तुमच्या बाकावर असा कोणी असेल, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐकून घ्या आणि घरच्यांपैकी किंवा शिक्षकांपैकी विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. तो मरणाची भाषा बोलत असेल, तर गुप्ततेचे वचन पाळत बसू नका. त्याच दिवशी सांगा. तो कोणी तुम्ही स्वतः असाल, तरीही हेच करा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे. ती विनामूल्य असून रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, एखाद्या हुशार मुलाचे जर्नल अचानक अर्धवट राहू लागले, तर शेरा लिहिण्याआधी त्याला एवढेच विचारा: "झोप लागते का रे तुला?"